दुसरीच्या ओठांवर

नेरिस प्यू त्या सकाळी एका जागी मिनिटभर बसली असेल तर शपथ! सोहोतल्या त्या तळघरातल्या स्टुडिओत ती सगळ्यांच्या आधी पोचली, दोन कप चहा प्यायली, तिसरा नको म्हणाली आणि तोही प्यायली. मग तिने हिरवं सफरचंद कराकरा खाल्लं. माइकपुढे तोंड चिकट झालं की मचमच आवाज येतो आणि आंबट सफरचंदाने तो जातो, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सफरचंद संपलं, पण पायाची चाळवाचाळव काही संपेना.

"नेरिस राणी, बूट काढ बाई," काचेपलीकडून फिट्झ म्हणाला. फिट्झ म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा. बार्बाडोसचे आजोबा, ब्रिक्स्टनचा जन्म आणि जिभेला हाड नाही. "तुझ्या टाचा माझ्या कानात टॅपडान्स करतायत."

तिने बूट काढले.

"आणि पोट?"

"पोटाचं काय?"

"ते मघापासून वेल्श बोलतंय. केळं खा."

अख्खं ब्रिटन नेरिसचा आवाज ओळखत होतं, आणि तिच्या मजल्यावर राहणारी शेजारीण मात्र तिला कायम 'तू ती नळ दुरुस्त करणारी का?' असं विचारायची. कार्टूनमधली चिडकी गोगलगाय? नेरिस. दुकानातलं ते यंत्र, जे 'कृपया वस्तू पिशवीत ठेवा' म्हणून लोकांचा अंत पाहतं? तीही नेरिसच. एकदा तिने कांद्याची पिशवी ठेवली, तरी यंत्र ऐकेना, तेव्हा ती स्वतःच्याच आवाजाशी एवढी भांडली की रांगेतल्या बाईने हळूच ट्रॉली मागे घेतली. आणि पडद्यावर? वीस वर्षांत एक पाठमोरी नर्स, लोण्याच्या जाहिरातीतला एक हात आणि दूरवर सायकलवरून पडणारी एक बाई. पडली मात्र झकास!

तिला चेहरा हवा होता. बस, एवढंच. पडद्यावर पूर्ण चेहरा, नाक-डोळ्यांसकट.

म्हणून तर मागच्या वर्षी ती दिग्दर्शक ह्यूगोच्या मालिकेच्या ऑडिशनला गेली होती. वेल्सच्या किनाऱ्यावरचं गाव, मुलगा हरवलेली आई. नेरिस त्याच किनाऱ्यावर वाढलेली. भूमिका जणू तिच्या मापानेच शिवली होती. आणि ती मिळाली इमोजेन ॲशकोमला, जिच्या गालांच्या हाडांवर वर्तमानपत्रांत लेख येत. ह्यूगोने मालिका काढली, पाहिली आणि कपाळावर हात मारला. चेहरा कसा अप्रतिम, पण बोली ऐकून सगळं वेल्स हसून लोळलं असतं.

मग नेरिसला फोन आला.

"डार्लिंग, तिच्या ओठांवर फक्त तुझा आवाज घालायचा," ह्यूगो म्हणाला होता. "गुपचूप. इमोजेनला आत्ताच कळायला नको, ती हळवी आहे. आणि हे पार पडलं की पुढच्या पर्वात पोस्टवाली आहे ना, ती तू. चेहऱ्यासकट. शब्द देतो."

म्हणून ती आली होती. जिने आपला घास पळवला तिलाच भरवायला. पण पोस्टवाली! पोस्टवालीला तीन प्रसंग होते, एकात तर ती रडणारही होती.

पडद्यावर इमोजेन दारात उभी राहिली. समोर पोलीस. हेडफोनमधून कानात टिंग, टिंग, टिंग. तीन घंट्या वाजतात, चौथी वाजत नाही, आणि त्या न वाजलेल्या चौथीवर बरोब्बर बोलायचं असतं.

"तो पाण्यात जाणारच नाही. त्याला समुद्राची भीती वाटते," नेरिस बोलली.

"सुंदर," फिट्झ म्हणाला. "पण तिचे ओठ आधीच मिटले. पुन्हा."

पुन्हा. टिंग, टिंग, टिंग. पुन्हा ओठ आधीच मिटले. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. नेरिस 'भीती'च्या आधी श्वास घ्यायची, कारण कुठलीही आई घेईल! इमोजेन मात्र वाक्य सरळ गिळून टाकायची, गोळी गिळावी तशी. काचेपलीकडे ह्यूगो फिट्झशी काहीतरी बोलत होता. नुसती तोंडं हलत होती, ऐकू काहीच येत नव्हतं, आणि काचेमागचं हलणारं तोंड आपल्याबद्दलच बोलत असतं याची नटांना जन्मजात खात्री असते. नेरिस खोलीभर येरझारा घालायला लागली, म्हणजे दोन पावलं इकडे, दोन तिकडे, कारण खोली तेवढीच होती.

लाल दिवा विझलेला होता. आणि इथे तिने ती चूक केली, जी नाट्यशाळेच्या पहिल्याच दिवशी करू नका म्हणून सांगतात. दिवा विझतो, माइक विझत नाही.

"पोराचा जीव जातोय," ती स्वतःशीच पुटपुटली, "आणि ही बया पोलिसाशी अशी बोलते जणू हॉटेलात सूप गार आलंय!" मग मान ताठ करून, गाल आत ओढून तिने हुबेहूब इमोजेनचा आवाज काढला. "'त्याला समुद्राची भीती वाटते, आणि वेटर, पाव कुठेय?' मी असते ना तिथे, तर आधी त्या पोलिसाचं मनगट धरलं असतं. घट्ट. आणि मग..." आणि तिने ते वाक्य म्हटलं. पडद्याकडे न बघता, कुणाच्याही ओठांची पर्वा न करता.

मान वर केली तेव्हा फिट्झ गळ्यावरून आडवा हात फिरवत होता. तिला वाटलं, पोट पुन्हा वाजलं. तिने केळं उचललं.

मग तिला फिट्झच्या मागे उघडलेलं दार दिसलं, आणि दारात ती गालांची हाडं.

इमोजेन वरच्या मजल्यावर शाम्पूच्या जाहिरातीला आली होती आणि सहज डोकावली होती. तिने सगळं ऐकलं होतं, सूप, पाव, सगळं. ह्यूगो तिच्याभोवती हात हलवत काहीतरी समजावत होता. त्याला ओलांडून ती सरळ काचेच्या खोलीत आली आणि मागे दार लावून घेतलं. नेरिसच्या हातात केळं तसंच.

"वेटरचं छान होतं," इमोजेन म्हणाली. "मला सांगितलं होतं, एखाद-दुसरा उसासा नीट करायचाय म्हणून."

"मला सांगितलं होतं, तुला सांगायचं नाही म्हणून."

"तू त्या ऑडिशनला होतीस ना? मी बाहेर बसले होते. दारातून ऐकू येत होतं. तुझं ऐकून मी घरी जायला उठले होते, खरंच सांगते."

"मग गेली का नाहीस, मेले!"

"एजंटने दारात धरलं." इमोजेनला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "माझ्याबद्दल लिहितात ते फक्त तोंडाबद्दल. आता त्या तोंडातून आवाजही माझा नसणार? मला शिकव. हे एक वाक्य तरी. मग बाकीची."

कानात ह्यूगोचा मध गळायला लागला. "नेरिस डार्लिंग, आपल्याकडे वेळ नाही गं. आपलं ठरलंय ना?" आणि काचेमागे तो सावकाश नकारार्थी मान हलवत होता. पोस्टवाली त्या मानेला लटकून डावीकडे-उजवीकडे हिंदकळत होती.

नेरिसला दोघांचाही भयंकर राग आला. ह्या पोरीने अजून अर्धा तास शाम्पू लावला असता तर काय बिघडलं असतं? नाही म्हणणं सोपं होतं. 'सॉरी गं, माझं काम आहे' एवढंच म्हणायचं. तिने तोंड उघडलं, पडद्याकडे पाहिलं. तिथे इमोजेन अर्धवट उघड्या तोंडाने थांबली होती, कुणाच्या तरी आवाजाची वाट बघत. नेरिसने हातातलं केळं खाली ठेवलं.

"बूट काढ," ती म्हणाली.

"काय?"

"बूट! टाचा वाजतात. आणि शब्दांना इस्त्री करू नकोस, चुरगळू देत. आमच्याकडे बाई घाबरली की हळू बोलते, पण वाक्याच्या शेवटी सूर टेकडी चढतो. हात दे. इथे, माझ्या बरगडीवर. श्वास कुठे येतो बघ."

"इथे?"

"तिथे गुदगुल्या होतात, खाली."

पहिल्यांदा इमोजेन आयरिश वाटली, दुसऱ्यांदा भारतीय, आणि तिसऱ्यांदा कुठलीच नाही. फिट्झने कपाळ टेबलावर टेकलं. "आयरिश बरं होतं," तो म्हणाला.

"तू गप रे!" दोघी एकदम ओरडल्या.

मग नेरिस तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी पोलीस. धर मनगट." इमोजेनने धरलं, चांगलं दुखेल इतकं. टिंग, टिंग, टिंग.

"तो पाण्यात जाणारच नाही. त्याला समुद्राची भीती वाटते."

ओठ जुळले. टेकडी चढली, जराशी धापा टाकत, पण चढली. फिट्झने अंगठा वर केला.

"नेरिससारखं नाही," ह्यूगो म्हणाला.

"नाहीच," इमोजेन म्हणाली. "पुढचं वाक्य लाव."

दुपार कलली तेव्हा नेरिस बूट हातात घेऊन बाहेर आली. ह्यूगो पॅसेजमध्ये फोनात डोकं घालून उभा होता.

"पोस्टवाली?" तिने विचारलं.

"बघू या, डार्लिंग."

या धंद्यात 'बघू या'चा अर्थ काय होतो हे सांगायची गरज नाही. वर रस्त्यावर पोचेपर्यंत तिने स्वतःला चार भाषांत शिव्या दिल्या, त्यातली एक गोगलगायीच्या आवाजात. मग एजंटला फोन लावला. डॉट नावाची ती म्हातारी कायम टोस्ट चावत बोलायची.

"डॉट, महिनाभर मला आवाजाचं काम सांगू नकोस."

"वेडी झालीस? खाणार काय?"

"ते मी बघते. मला पडद्यावरचं काहीही दे. काहीही!"

कागद चाळल्याचा, टोस्ट मोडल्याचा आवाज आला. "एक आहे बाई, पण तुला सांगायची लाज वाटते. हॉस्पिटलच्या मालिकेत प्रेत. एक शब्द बोलायचा नाही."

नेरिस फुटपाथच्या मधोमध थांबली. मागचा माणूस तिच्यावर आदळला, पुटपुटला आणि वळसा घालून गेला.

"चेहऱ्यावर चादर असते का गं?"

"नाही, चादर हनुवटीपर्यंत. कॅमेरा जवळ येतो म्हणे, अगदी जवळ. मुलगी येऊन ओळखते ना."

"माझा चेहरा ओळखते?"

"मग कुणाचा?"

"मग हो सांग," नेरिस म्हणाली. "आत्ता सांग डॉट, टोस्ट नंतर खा!"