नथ्थूचा चरक

गडचिरोलीच्या कोंडवाड्यात त्या काळी गुरं कमी आणि डबे जास्त असत. त्याला कारण कोंडवाड्याचा मुन्शी रामाजी. कुणी मोकाट गाय हाकून आणली की वहीत तिचा रंग नि शिंगं लिहून घ्यायची, मालक येईस्तोवर वैरण टाकायची, एवढीच त्याची कामगिरी. उरलेला दिवस तो राकेलचे रिकामे डबे कापून त्यांची मापं, चिमण्या नि झाकणं करत बसे. पैशासाठी नव्हे, हौस म्हणून. हौसेला मोल नसतं म्हणतात. रामाजीच्या हौसेचं मोल मात्र शेजारीपाजारी आपल्या बोटांनी भरत, कारण त्याच्या डब्यांची कड सुरीसारखी धारदार राही.

त्याच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, चौथ्यांदा बोट कापल्यावर फर्मान काढलं, "कड वळवता येत नाई तं पत्र्याले हात लावू नका!"

कड वळवायला यंत्र लागतं, आणि ते अख्ख्या गावात एकट्या नथ्थू टिनवाल्याकडे होतं. घुग्घुसच्या खाणीकडून मोडीत निघालेलं, त्यानं स्वस्तात आणलेलं. लोखंडी मान, तिच्या टोकाशी वरखाली दोन छोटे रूळ, रुळांवर एक आवळायचा स्क्रू आणि मागं हँडल. डब्याची कड रुळांत धरून हँडल फिरवलं की कड बाहेर वळे. मग तिच्यात तार घालून ती दुमडली की लहान लेकराच्या हातात द्यावा असा डबा तयार. उसाच्या चरकाची आठवण येते म्हणून गाव त्याला चरकच म्हणे. दर बाजाराला रामाजी दुकानापुढे उभा राहून त्या चरकाकडे डोळे भरून बघे. नागपूरहून नवा आणायचा म्हणजे मुन्शीच्या पगारात तो या जन्मी जमणारा नव्हता.

माघात नथ्थू वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. महिन्याभरानं त्याची बायको भागीरथाबाई हिनं दुकान मोडायला काढलं, आणि रामाजी सगळ्यांच्या आधी तिच्या दारात हजर झाला.

"गुरुवारी दादा गाडी घेऊन येते," ती म्हणाली. "अहेरीकडं, त्याच्याच घरी रायनार आता. जावं वाटत नाई, मुन्शीभाऊ. भावजयीच्या चुलीपाशी चार दिस बरं असते, जनम नाई काढवत. पन काम करनारा गेला, मंग दुकान कायले ठेवू?"

रामाजीनं मान हलवली. तिनं सांगितलेली किंमत वाजवीहून कमीच होती, त्यानं घासाघीस केली नाही. चरक खाचरात, छोट्या बैलगाडीत, चढवताना त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून लाजही वाटली.

घराला लागूनच असलेल्या कोंडवाड्याच्या पडवीत त्यानं तो जाड पाटाला ठोकला, तेल घातलं, हळदकुंकू वाहिलं. मग एका हातानं डबा धरून दुसऱ्यानं हँडल फिरवलं. कड वळली खरी, पण एका बाजूला दोन बोटं नि दुसऱ्या बाजूला नावालाच. दुसरा डबा चुरगळला. तिसऱ्याला सुगंधाबाईला हँडलवर बसवलं, तर तिनं जात्यावर बसावं तसं गरागरा फिरवलं आणि रामाजीचं बोट रुळांतून थोडक्यात वाचलं. दोन दिवसांत नऊ डबे वाया गेले. मग रामाजीच्या मनात पाल चुकचुकली. चरकच वाकडा असेल, आणि ठाऊक असूनही भागीरथाबाईनं तो गळ्यात मारला असेल! एरवी एवढ्या स्वस्तात कोण देतं? नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याला पाठ होती, पण त्या सकाळी आठवली नाही.

गुरुवारी उजाडताच तो बिघडलेला डबा घेऊन तिच्याकडे गेला. दारात गाडी उभी होती. भाऊ वारलू भांड्यांचं गाठोडं बांधत होता.

"बाई, चरक वाकडा हाये," रामाजी म्हणाला. "मले आधी सांगाचं होतं."

वारलू ताडकन उठला. भागीरथाबाईनं त्याला हातानंच थांबवलं. डबा घेतला, कडेवरून बोट फिरवलं.

"माह्या मानसाचं यंत्र वाकडं नाई," ती म्हणाली. "दादा, थांब घडीभर. त्याच्या नावाले बट्टा लावून मी इथून जात नाई."

तिघं कोंडवाड्यात आले. ती चरकापुढे बसली, उजवा हात हँडलवर, डावा वरच्या स्क्रूवर. "तुमी डबा धरा," ती रामाजीला म्हणाली. "जोर लावू नका. नुसता धरा."

तिनं पहिला फेरा इतका हलका दिला की पत्र्यावर फक्त एक रेघ उमटली. स्क्रू जरासा आवळला. दुसरा फेरा. डब्याला जिथं जोड होता, जिथं पत्रा दुहेरी होता, तिथं हँडल आपसूक मंदावलं, जोड निघून गेला, पुन्हा चाल धरली. रामाजीनं तिच्याकडे पाहिलं. ती डब्याकडे बघतच नव्हती. ती अंगणातल्या एका भाकड गायीकडे बघत होती. तिसऱ्या फेऱ्याला कड गोल, सारखी, बांगडीसारखी उभी राहिली.

"जोड आला हे कसं समजलं तुमाले?"

"हाताले समजते. हँडल जड होते."

"नथ्थूभाऊनं शिकवलं?"

"त्यानं काय शिकवाचं? तो पत्रा धरे, मी फिरवो. लगन झालं तईपासून."

दर बाजाराला रामाजीनं चरकच पाहिला होता, हँडलवरचा हात नाही. आता त्याला एकदम काही आठवलं. "मागच्या दिवाळीले मी तुमच्या दुकानातून बादली नेली होती. तिची कड अशीच होती. पन तवा तं नथ्थूभाऊचे हात थरथर कापत होते."

"दोन वर्सं कापत होते. पत्रा धड धरवे नाई त्याले. मी हँडलवरच सांभाळून घेवो..."

हँडलवरचा हात तिनं काढून घेतला नि तो उलटासुलटा करून पाहिला.

रामाजी काही साधुसंत नव्हता. तोंडातून शब्द काढला नसता तर तासाभरात गाडी अहेरीच्या वाटेला लागली असती, आणि चार महिने धडपडून त्याचाही हात बसला असता. चरकाच्या मानेवरून त्यानं एकदा हात फिरवला. पण हातातला डबा खोटं बोलू देईना.

"वारलूभाऊ," तो म्हणाला, "गाडीतलं सामान उतरवा. हा चरक परत दुकानात न्या लागते. पैशाचं काय ते मागून पाहू. मले बाजाराच्या दिवशी डबा धराले येऊ द्या, बस."

वारलू गोंधळला. माणूस वाईट नव्हता, बहिणीला उपाशी ठेवणारा तर मुळीच नव्हता. "असं कसं जी? एकटी बाई दुकान चालवन? भागीरथे, तू तरी सांग मुन्शीभाऊले. कारागीर कुठून आनशीन तू?"

भागीरथाबाई वळवलेल्या कडेवरून बोट फिरवत होती. एक फेरा पुरा झाला, दुसरा झाला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साफ होता.

"मी येत नाई, दादा," ती म्हणाली. "मलेबी आतापर्यंत वाटे का काम त्याचं होतं." मग म्हणाली, "मले काम येते."