ससा, क्रमांक सत्तावीस

मित्रांनो, बोटाच्या पेराएवढी एक प्लास्टिकची कुपी तुमच्याशी बोलते आहे. माझी अकरा वर्षे प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये गेली. उणे ऐंशी अंश थंडी, एक्याऐंशी खणांचे खोके आणि दोन्ही बाजूंना खेटून शेजारणी. दार उघडले तरच उजेड दिसे.

मी साच्यातून बाहेर पडले तेव्हा अगदी रिकामी होते. मग प्रयोगशाळेतल्या काकांनी माझ्यात रक्त भरले. रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या रानसशाचे रक्त होते ते. उघड्या माळावर राहणारा, लांब पायांचा, बीळ न खणणारा प्राणी. त्याच दिवशी पिंजऱ्यातल्या सव्वीस पाळीव सशांचेही रक्त आले होते. काकांनी सगळ्या कुप्यांवर सुवाच्य अक्षरात 'ससा' असे लिहिले आणि पुढे आकडे घातले. माझा सत्तावीस.

यात खोटे काहीच नव्हते. आपल्या बोलण्यात दोघेही ससेच. पण या दोघांची घराणी वेगळी होऊन एक कोटीहून अधिक वर्षे झाली आहेत. मला ते सांगायचे होते, पण माझ्या तोंडावर झाकण होते.

आठ वर्षांनी एक संशोधक ताई आली. रोगजंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडे बनवते. ती कशी बनवायची हे ज्या जनुकांत लिहिलेले असते, ती जनुके पिढ्यान्‌पिढ्या कशी बदलली, हे तिला शोधायचे होते. तीन वर्षे ती आमच्यातले थोडेथोडे रक्त घेत राहिली. सव्वीस जणींची उत्तरे एकमेकींशी जुळली. माझ्यात मात्र त्या जनुकाचे असे रूप निघाले, जे पाळीव सशांत कोणी पाहिले नव्हते.

तिचे सर खूश झाले. "हरवलेलं रूप एका सशाने जपून ठेवलंय. तुझा प्रबंध तरला म्हणून समज."

"पण सर, एकाच सशात कसं? हा रानससा तर नसेल?"

"लेबलवर काय लिहिलंय?"

"ससा. पण रानसशालाही आपण ससाच म्हणतो."

"नसती शंका काढू नकोस. एकच थेंब उरलाय. तो वापरलास आणि तुझी शंका खरी ठरली, तर तीन वर्षं पाण्यात."

ती मला घेऊन काकांकडे गेली. "काका, हा ससा पिंजऱ्यातला की रानातला?"

काकांनी चष्मा वर सरकवला. "अगं, मला कालची भाजी आठवत नाही. अन् ससा तो ससा, त्याला काय आडनाव लावायचं?"

मी तिच्या तळहातावर होते. अकरा वर्षांत कधी मिळाली नव्हती इतकी ऊब मला मिळत होती, आणि तरी मला एक शब्दही बोलता येत नव्हता. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने झाकण उघडले.

पिलाला फक्त आईकडून मिळणारा असा काही वारसा असतो, आणि त्यावरून प्राण्याची जात ओळखता येते. त्या शेवटच्या थेंबात तिने तोच तपासला. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. रानससा.

ताईने प्रबंधातले ते प्रकरण स्वतःच्या हाताने काढून टाकले. सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. काका मात्र दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं."

"ते राहू द्या, काका. नुसतं 'ससा' लिहिलेल्या आणखी किती कुप्या आहेत?"

काकांनी बोटांवर मोजले. "तीन खोकी तरी असतील."

"मग हातमोजे घाला."

आता मी टाकायच्या पिशवीत, निर्जंतुक करणाऱ्या वाफेची वाट पाहत पडले आहे. समोर ती दोघे एकेक कुपी उजेडात धरून जुन्या वहीतल्या नोंदी शोधत आहेत. काहींच्या नोंदी सापडतात, काहींच्या सापडत नाहीत. ज्यांच्या सापडत नाहीत त्या पुन्हा थंडीत जातात, आत कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसताना.

मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही त्याचे नाव लिहिण्याचे काम कधी तुमच्याकडे आले, तर घाई करू नका. ते पूर्ण लिहा. तुम्ही दार लावून घरी जाल. आतल्याजवळ मात्र तुमच्या अक्षराशिवाय दुसरे काहीच नसेल.