दोऱ्याने बांधलेली वायर

मित्रांनो, टीव्हीपुढे बसून त्याचं कौतुक सगळेच करतात. मी मात्र एका शिंप्याच्या गच्चीवरचा जुना अँटेना आहे. माझी आठवण होते ती चित्र गेल्यावर.

माझी घडण साधी आहे. एक आडवा दांडा आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या सात काड्या. दूरच्या मनोऱ्यावरून चित्र आणि आवाज लहरींवर बसून निघतात. त्या लहरी माझ्यापर्यंत आल्या की काड्यांत अगदी बारीक वीज खेळते. ती वायरीतून खाली उतरते आणि टीव्ही तिच्यातून हवं ते चॅनल निवडून पडद्यावर मांडतो. कष्ट माझे, नाव त्याचं. चालायचंच!

एकदा वाऱ्याने माझा स्क्रू ढिला झाला आणि वायर सुटली. शिंप्याने काय करावं? स्क्रू आवळायचा सोडून आपला पक्का दोरा काढला आणि वायर बांधून टाकली. वर फुशारकी, "आता हत्तीने ओढली तरी सुटायची नाही!" अहो, पण दोऱ्यातून वीज जाते का कधी? वायर मला जेमतेम टेकलेली. जरा वारा सुटला की पडद्यावर मुंग्या!

त्याची थोरली लेक धावपटू. तिची मोठी शर्यत टीव्हीवर दाखवणार होते. तिचे पळायचे कपडे त्यानेच शिवले होते. मुली रेषेवर उभ्या राहिल्या आणि नेमकं चित्र गेलं. शिंपी धापा टाकत वर आला. त्याने वायर बोटाने माझ्यावर दाबली.

"आलं, आलं!" खालून बायको ओरडली.

तो बोट काढून जिन्याकडे पळाला.

"गेलं! अहो, हात काढू नका!"

तो परत आला आणि वायर दाबून उभा राहिला. थोड्या वेळाने खालून आनंदाची आरोळी आली, "पहिली! आपली पोर पहिली आली हो!" तरी त्याने बोट काढलं नाही. पोरीला पदक घेताना आईने तरी बघावं ना! त्याचे डोळे वाहत होते. मला फार वाईट वाटलं.

आठवड्याने तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर आला. घरी परतलेली लेकही मागोमाग आली.

"बाबा, जिंकल्यावर मी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. तो तुमच्यासाठी होता. पाहिलात ना?"

"पाहिला की!" तो म्हणाला आणि मान खाली घालून स्क्रू आवळत राहिला.

मित्रांनो, घरातल्या वस्तूचं दुखणं वेळेवर आणि नीट बघत जा. माझा स्क्रू आवळायला त्याला दोन मिनिटं लागली. तिची शर्यत मिनिटभराचीही नव्हती.