तीन सेकंदांचा सराव

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षातल्या त्या मुलीला ताळेबंद जुळवणे म्हणजे हातचा मळ. पण उद्याच्या कंपनीच्या मुलाखतीत हस्तांदोलनालाही गुण होते. सरांनी बजावले होते, पकड घट्ट हवी आणि तीन सेकंदांनी हात सोडायचा. खोलीतली मैत्रीण नोकरी लागून गेल्यापासून सरावाला दाराची मूठच तेवढी उरली होती. अखेर तिने वसतिगृह झाडायला आलेल्या मावशींपुढे हात केला.

"निवडणुकीला उभी राहिलीस की काय गं?" फडक्याला हात पुसत मावशी म्हणाल्या.

"सराव आहे, मावशी. तुम्ही मोजा."

मावशींचा तळवा खरखरीत आणि ऊबदार होता. कित्येक महिन्यांत तिने कुणाचा हात धरला नव्हता.

"एक, दोन, तीन. सोड आता."

तिला सोडवेना.

"चुकलं," ती खाली बघत म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून मोजा."