ऑक्सिजन शेवटी

"परत ऑक्सिजन जास्त झाला, आजोबा." फोनवर नात रडकुंडीला आली होती.

"होऊ दे. हायड्रोजन मोज बघू पुन्हा," आजोबा म्हणाले. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर ते.

वहीतल्या समीकरणात हायड्रोजन जुळवला, तर कार्बन बिघडला. ब्यूटेन काही जळायचं नाव घेईना.

बायको गेल्यापासून सरांच्या घरात बोलायला कोणी नव्हतं. लेक परगावी, तिच्या कामाच्या रगाड्यात. पण नातीच्या पुस्तकात इंधनांच्या ज्वलनाचा धडा आला आणि रोज संध्याकाळी फोन वाजू लागला. सर आधीच चहा उरकून तयार असत. पहिल्या दिवशीच पोरीनं समीकरण ऑक्सिजनपासून जुळवायला घेतलं होतं. आता, ऑक्सिजन कार्बनबरोबरही जातो आणि हायड्रोजनबरोबरही. त्याला आधी हात लावला, की पुढचं पाऊल मागचं सगळं विस्कटून टाकतं. वर्गात कुणी असं केलं की सर टेबलावर डस्टर आपटायचे, "आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी!"

नातीला मात्र त्यांनी हे सांगितलंच नाही. खोटं काही बोलले नाहीत म्हणा, नुसतं लांबच्या रस्त्यानं चालू दिलं. तेवढंच बोलणं वाढायचं. मधेच ती मैत्रिणींची भांडणं सांगायची, कधी आजीची आठवण काढायची. सरांना ते हवंहवंसं वाटायचं.

"उद्या चाचणी आहे," ती म्हणाली. "मी ना, मठ्ठच आहे. पुढे सायन्स घेणारच नाही मी."

सरांच्या मनात आलं, हे काय करून बसलो आपण?

"मठ्ठ कसली गं? खोड ते सगळं. आधी कार्बन बघ. किती?"

"चार."

"म्हणून कार्बन डायऑक्साइड चार. हायड्रोजन दहा, म्हणून पाणी पाच. आता शेवटी ऑक्सिजन मोज."

"आठ आणि पाच, तेरा. पण ऑक्सिजन तर जोडीनं येतो ना?"

"मग सगळंच दुप्पट कर."

पलीकडे पेन्सिल खरखरली. "दोन, तेरा, आठ, दहा... आजोबा, जुळलं! एवढं सोपं होतं? मग आधी का नाही सांगितलंत?"

सरांच्या ओठांवर खरं आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"विसरलो गं," ते म्हणाले.

शेजारी बसून ऐकणाऱ्या लेकीनं फोन घेतला. "बाबा, हे तर तुम्ही झोपेतसुद्धा सांगितलं असतं. विसरायला लागलात की काय? डॉक्टरांना दाखवून या बरं. आणि आता तिला येतंय, रोज उगाच तुमच्या डोक्याला ताप नको."

"ताप कसला त्यात," सर पुटपुटले. मग म्हणाले, "बरं. दाखवतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातीचा निरोप आला, सगळी समीकरणं सुटली. सरांनी उत्तरात 'शाबास' लिहिलं आणि वाट बघत बसले. बाहेर अंधारून आलं, तरी फोन वाजला नाही. तो चालू आहे ना, हे त्यांनी दोनदा उचलून पाहिलं. चालू होता.