धोंडू पंचाची शेवटची बैठक

मुलाचा संसार मोडतोय हे कळलं तेव्हा धोंडू घाडी दोन दिवस धड जेवले नाहीत. पण प्रकरण कोर्टात न जाता दादरच्या एका मध्यस्थ बाईंपुढे बसून मिटणार, हे कानावर आलं आणि म्हाताऱ्याने लगेच सुनेकडून कोटाला इस्त्री करून घेतली.

त्यालाही कारण होतं. लालबागच्या चाळीत त्यांच्या गावाची एक खोली होती. गावाहून गिरणीत आलेला माणूस पहिली वळकटी तिथेच टाकायचा आणि रविवारी तिथेच गावकीची बैठक बसायची. भावाभावांची भांडणं, माहेरी जाऊन बसलेल्या बायका, सगळं त्या दहा बाय बाराच्या खोलीत निस्तरलं जायचं. धोंडू तिथले पंच. पुढे गिरणी गेली, बायको गेली, चाळही बिल्डरने पाडली, पण यांचं पंचपण काही जाईना. कोर्टाची पायरी चढलेला माणूस त्यांच्या लेखी वाया गेलेला. आपली माणसं चार लोकांत बसून मिटवतायत म्हटल्यावर त्यांची छाती फुगली. बैठक म्हटली की पंच हवाच, आणि घरात पंच असताना बाहेरची बाई कशाला, हेही त्यांना कळेना.

"बाबा, ती तशी बैठक नसते हो," सून अनुजा म्हणाली. "सुनेत्रा मॅडम निकाल देत नाहीत. आम्हालाच बोलतं करतात."

"मग मी काय येगळा करतंय गो? थयसर पण बोलानच मिटता. चल."

मुलगा हितेंद्र फोनवर होता. तो म्हणाला, "येऊ दे त्यांना. मॅडमनी त्यांना आणायला सांगितलंच आहे." हे ऐकून तर धोंडूंना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

हितेंद्रची गोष्ट सांगायलाच हवी. हा गृहस्थ वर्षभर खारघरला ऑफिसातल्या एका बाईबरोबर राहत होता, आणि त्याचा बाप परळच्या भाड्याच्या घरात सुनेजवळ. सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन सून टोचायची, पायाला तेल सून चोळायची. लेक आठवड्यातून एकदा फोनवर "बरे आहात ना?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत ठेवून द्यायचा. कोर्टात गेलं असतं तर त्या बाईचं नाव निघालं असतं, अनुजाला मूल झालं नाही हेही निघालं असतं, आणि वकिलांनी दोघांची लक्तरं भर कोर्टात वाळत घातली असती. ते टळावं म्हणून दोघांनी मध्यस्थी निवडली. तेवढं शहाणपण त्यांनी दाखवलं हे खरं.

सुनेत्राबाईंच्या खोलीत एक गोल टेबल होतं. धोंडूंनी खिडकीसमोरची खुर्ची पकडली, टोपी सारखी केली आणि घसा खाकरला.

"हां, बोला. कोणाचा काय म्हणणा आसा?"

बाई हसल्या नाहीत. चांगल्या होत्या. "काका, बाकीचं सगळं ठरलंय," त्या म्हणाल्या. "दोघंही खूप समजुतीने वागलेत. एकच विषय उरलाय. तुम्ही जरा बाहेर बसता का?"

धोंडू उठले. दारापर्यंत त्यांना काही वाटलं नाही. बाहेरच्या बाकावर टेकले आणि मग लक्षात आलं. बैठकीची रीत त्यांनीच आयुष्यभर चालवली होती. ज्याचा निवाडा करायचा त्याला बाहेर गॅलरीत बसवायचं, म्हणजे आतल्यांना मोकळं बोलता येतं. पंच कधी बाहेर बसत नाही.

दार नीट लागलं नव्हतं.

"मी नाही नेऊ शकत," हितेंद्र म्हणत होता. "खारघरला तिची आई पण असते. तिने क्लिअर सांगितलंय, वडील नकोत."

"मग मी नेऊ?" अनुजाचा आवाज. "परळचं घर सोडून मी माझगावला आईकडे चाललेय. दोन खोल्या, त्यात भाऊ, वहिनी, त्यांची पोरं. माझीच तिथे अडचण आहे. सासऱ्यांना कुठल्या नात्याने घेऊन जाऊ? वर्षभर एकटीने केलं ना मी? दमले आता." आणि ती रडायला लागली. सासूच्या मरणातही घर सावरून उभी राहिलेली बाई ती. त्या रडण्यात राग असता तर धोंडूंनी सोसला असता. नुसता थकवा होता, आणि तो त्यांना फार लागला.

"सहा महिने इथे, सहा महिने तिथे असं काही जमेल का?" बाईंनी विचारलं.

धोंडूंना काशी आठवली. विधवा म्हातारी, दोन मुलगे, दोघांनाही नकोशी. सहा-सहा महिने वाटून द्या, असा निकाल यांनीच दिला होता, आणि सगळ्यांनी वाहवा केली होती. काशी गॅलरीतून आत आली आणि त्यांच्या पाया पडली. तुला कुठे राहायचंय, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. त्यांनीही नाही. बाकावर बसल्या बसल्या म्हाताऱ्याला स्वतःची लाज वाटली.

त्यांना आत बोलावलं. सुनेत्राबाईंनी मात्र विचारलं. "काका, तुमच्या मनात काय आहे? तुम्हाला कुठे राहावंसं वाटतं? इथे कोणाचाही दबाव नाही."

अनुजाजवळ. हा शब्द अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत त्यांना भीती दिसली. हे आपलं नाव घेतील आणि आपल्याला नाही म्हणता येणार नाही, याची भीती. तिला खरंच नाही म्हणता आलं नसतं. म्हाताऱ्याला तेही ठाऊक होतं.

"माका गावाक धाडा," ते म्हणाले. "घर आसा माझा. उघडतलंय, झाडून काढतलंय. शेजाराक गुणाजी आसा सोबतीक."

हितेंद्रचा जीव भांड्यात पडला. "बाबांना गाव आवडतंच, मॅडम," तो पटकन बोलला.

बाईंनी पुन्हा विचारलं, "नक्की ना, काका?"

"पंचाचो शबूद आसा," धोंडू म्हणाले.

बाईंनी शेवटचं कलम लिहून घेतलं. हितेंद्रने सही ठोकली आणि म्हणाला, कोर्टात एवढं गोडीत झालं नसतं. त्यात खोटं काही नव्हतं. पेन अनुजाकडे आलं. ती थांबली.

"बाबा, तुमची इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. गावच्या घरात लाईट आहे ना?"

सासूच्या तेराव्याला सगळे गावी गेले तेव्हा बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलेलं होतं. ते पुन्हा कोणी बसवलं नाही. त्या दिवशी साऱ्या भावकीचा स्वयंपाक अनुजानेच केला होता, कंदिलाच्या उजेडात.

"आसा गो," धोंडू म्हणाले.

अनुजाने त्यांच्याकडे न बघता मान हलवली आणि सही केली.