रस्त्यावर नेलेला पियानो

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. हिल्डा काकूंच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली मला भिंतीला ठोकलेलं आहे. माझ्यावर चहाची किटली असते आणि एक फुलांची कुंडी. पण मी जन्माची फळी नव्हे. मी एका पियानोचं झाकण होते.

आमचा पियानो लंडनच्या कारखान्यात घडला आणि आगगाडीने लँकेशरमधल्या या गिरण्यांच्या गावात आला. काकूंच्या वडिलांनी लेकीला लग्नात दिलेलं हे आंदण. काकूंचा एक नेम होता. सकाळी शेगडी पेटवायची, आणि चहाचा पहिला घोट घेण्याआधी एक स्तोत्र वाजवायचं. नवरा लढाईवर गेला त्या सकाळी त्यांनी ते वाजवलं, आणि तो परत येणार नाही अशी तार आली त्याच्या दुसऱ्या सकाळीही. त्या मला उघडत, तेव्हा मला वाटे, आपण म्हणजे देवघराचं दार आहोत.

लढाई संपली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. साऱ्या गल्लीने घरातली टेबलं रस्त्यात आणून एकाला एक जोडली, वर चादरी अंथरल्या. चार गड्यांनी आम्हाला उंबऱ्याबाहेर काढलं. काकूंनी एवढंच सांगितलं, "संध्याकाळी परत आणून ठेवा. सकाळी मला लागतो." गड्यांनी शब्द पाळला. चाकं ओल्या फडक्याने पुसून मगच पियानो आत घेतला.

त्या दिवशी सगळी पोरं कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर होती. शेजारच्या क्लेगांचा रॉय तेवढा भिंतीला टेकून उभा होता. त्याचे वडीलही परतले नव्हते. काकूंनी त्याला जवळ बसवलं, त्याची बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि आपलं सकाळचं स्तोत्र शिकवलं. पुढे कितीतरी वर्षं तो शाळा सुटली की थेट आमच्याकडे येई. मला उघडण्याआधी हात बाहीला पुसून घेई. ते मी विसरले नाही.

राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा गल्लीची मेजवानी याच रॉयने अंगावर घेतली. पताका, जेली, सॉसेजचे रोल, कुणी काय करायचं ते सगळं त्यानेच वाटून दिलं. शिवाय एक खेळ ठेवला. आमच्या भागात तेव्हा तो जत्रेतही चाले. दोन संघांना एकेक मोडका पियानो द्यायचा. त्यांनी तो घणाने फोडायचा आणि सगळे तुकडे टांगलेल्या टायरमधून पलीकडे टाकायचे. आधी संपवील तो जिंकला. घरोघरी टीव्ही आले होते, जुने पियानो कुणालाच नको होते.

आम्हाला मात्र वाजवायला न्यायचं होतं.

"काकू, गाण्यांशिवाय कसली मजा? देता ना?" रॉयने विचारलं.

"ने की. पण माझा नेम ठाऊक आहे ना तुला?"

"मला नाही तर कुणाला? अंधार पडायच्या आत भिंतीला लावून देतो."

दुपारभर काकू वाजवत होत्या, गल्ली गात होती. मग त्या चहा करायला घरात गेल्या, आणि खेळाची वेळ झाली. गल्लीच्या वरच्या टोकाच्या संघाचा फोडायचा पियानो आला होता. रॉयच्या संघाचा आलाच नाही. वरची मंडळी चिडवू लागली. कारभारी हरायला घाबरला म्हणाली, घरी जाऊन कपबश्या फोड म्हणाली. रॉयचा चेहरा लालबुंद झाला. तो आमच्यापाशी आला. मला वाटलं, आता हा बसून वाजवणार. त्याने हात पुसले नाहीत. मला बिजागरीपासून उपटून फुटपाथवर टाकलं. कुणीतरी माझ्यावर जेलीच्या वाट्या मांडल्या.

"हिल्डा काकूंचा ना रे हा?" एकाने दबकत विचारलं.

"त्यांनीच दिलाय," रॉय म्हणाला. "आता कोण वाजवतंय?"

पहिला घण त्यानेच घातला. तारा तुटल्या तेव्हा जो आवाज झाला, त्याला लोक हसले. काकू किटली घेऊन दारात आल्या, तेव्हा टायरमधून शेवटच्या पट्ट्या जात होत्या. रॉयचा संघ जिंकला होता.

हसू हळूहळू विरलं. काकूंनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना चहा ओतला, रॉयलाही.

"काकू, तुम्हीच म्हणालात ना, ने म्हणून," तो पुटपुटला.

"अंधार पडायला अजून वेळ आहे, रॉय," काकू हळूच म्हणाल्या. "लाव भिंतीला."

काकूंनी जेलीच्या वाट्या बाजूला केल्या आणि मला काखेत धरून घरी आणलं.

पुढे रॉयने दुकानातून वाजवायची नवी पेटी आणून दारात ठेवली. काकूंनी ती प्रार्थनाघराला देऊन टाकली. त्या अजूनही सकाळी किटली उचलून बाजूला ठेवतात आणि माझ्यावर बोटं चालवतात. सगळं स्तोत्र, शेवटपर्यंत. आवाज होत नाही. भिंतीपलीकडे रॉय राहतो. लहानपणी तो त्या सुरांनी जागा होत असे.

मित्रांनो, लाकूड कधीतरी मोडायचंच, त्याचं मला दुःख नाही. मोडणारे हात माझ्या ओळखीचे होते, ते मात्र सलतं. तुम्ही आनंदात कुणाच्या घरची वस्तू मागून न्या, खुशाल न्या. पण संध्याकाळी परत आणून ठेवा. सकाळी ती कुणाला तरी लागते.